यंत्राला कान लावून

मोटारगाड्यांचा कारखाना पाहायला गेलेल्या शाळेच्या सहलीला चार गोष्टी हमखास दाखवतात. पोलादाच्या सपाट पत्र्याला एका दाबात दाराचा किंवा टपाचा आकार देणारी अजस्र दाबयंत्रे ही पहिली. ठिणग्या उडवत पत्रे जोडणारे यांत्रिक हात ही दुसरी. तिसरी म्हणजे रंगाच्या हौदात बुडून निघणारे गाड्यांचे सांगाडे. आणि चौथी, जुळणीची ती लांबलचक साखळी, जिच्या एका टोकाला नुसता सांगाडा चढतो आणि दुसऱ्या टोकाला गाडी स्वतःच्या चाकांवर चालत उतरते. मुले थक्क होऊन परत येतात. वाटेत एका कोपऱ्यात, हत्यारांच्या कपाटांच्या आडोशाला, पाचसहा माणसे बाकावर बसलेली असतात. त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेलेच तर एखादा चौकस मुलगा विचारतो, "हे लोक काम का करत नाहीत?"

ते बसलेले आहेत, याचा अर्थ कारखाना नीट चालला आहे. ही देखभाल विभागाची माणसे. गाडीचा एकही भाग ते बनवत नाहीत. गाडी बनवणारी यंत्रे चालती ठेवणे हे त्यांचे काम. ते किती मोलाचे आहे, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. समजा, एखाद्या मोठ्या कारखान्यात दर ९० सेकंदांना एक गाडी साखळीवरून उतरते. साखळी ओढणारी विजेची मोटर जळाली आणि ती बदलायला पाऊण तास लागला, तर त्या दिवशी ३० गाड्या कमी झाल्या. शिवाय मागच्या विभागातून येणारे सांगाडे ठेवायला जागा किती असणार? ती भरली की मागचा विभागही थांबतो, मग त्याच्या मागचा. एका बिघडलेल्या मोटरीपायी हजारभर माणसे हात बांधून उभी राहतात.

अशा विभागात शिकाऊ उमेदवार म्हणून मी १९९५ साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात दाखल झालो आणि पुढे बरीच वर्षे याच कामात राहिलो. तेथे काय शिकवतात आणि त्यामागे कोणते विज्ञान असते, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याकडे उमेदवारीला कायद्याचा आधार आहे. संसदेने १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत केला. कारखान्यांनी ठरावीक प्रमाणात उमेदवार घ्यावेत, त्यांना विद्यावेतन द्यावे, आणि त्यांना कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानावे, असे तो सांगतो. फिटरचा रस्ता साधारण असा: दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षे, मग कारखान्यात एक वर्ष उमेदवारी, आणि शेवटी परीक्षा.

पुन्हा कानस

कारखान्यात पाऊल टाकताच यंत्र उघडायला मिळेल, अशी आमची कल्पना होती. मिळाली ती कानस. आयटीआयमध्ये दोन वर्षे कानस मारून आलेल्या मुलांना पुन्हा पोलादाचा एक ठोकळा दिला आणि सांगितले, याच्या सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात करा.

हे काम ऐकायला सोपे वाटते. करायला गेले की ठोकळ्याची बाजू मधे फुगीर आणि कडांना उतरती होते. असे का होते, याचे उत्तर तुमच्या तरफेच्या धड्यात आहे. कानशीवर आपण दोन्ही हातांनी दाब देतो आणि मधला ठोकळा म्हणजे टेकू. कानस पुढे ढकलायला सुरुवात करताना टेकूपासून पुढचा हात जवळ आणि मुठीवरचा हात लांब असतो. कानस पुढे सरकते तशी ही अंतरे उलटी होतात. दोन्ही हातांचा दाब सारखाच ठेवला तर तरफ आधी मागे आणि नंतर पुढे कलणारच. म्हणून आरंभी पुढच्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्हींचा सारखा आणि शेवटी मुठीवरच्या हाताचा जास्त. हा बदल विचार करून होत नाही. तो हातालाच कळावा लागतो. गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरला की मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक फटीतून प्रकाशाची रेघ दिसते. ती रेघ नाहीशी होईपर्यंत घासायचे.

यंत्रे सगळे कातून देत असताना हा खटाटोप कशासाठी? मोटर आणि पंप एकमेकांना जोडताना त्यांचे दोन दंड एका रेषेत यावे लागतात. त्यासाठी मोटरीच्या पायाखाली ०.०५ मिलिमीटर जाडीची पत्री घालायची की ०.१० ची, हे ठरवायचे असते. 'इतकेसे वाकडे चालेल' असे म्हणणारा माणूस आणि इतकेसे म्हणजे नक्की किती हे बोटांना ठाऊक असलेला माणूस, यांच्यातला फरक कानस पाडते. माझे मत विचाराल तर कानशीचे आठवडे कमी करणारे कारखाने पुढे ती बचत बेअरिंगांवर खर्च करतात.

बंद यंत्र मेलेले नसते

यानंतर खऱ्या यंत्राकडे नेले, पण तेथेही हाती पाना दिला नाही. दिले एक लाल कुलूप, त्याची एकच किल्ली, आणि आपले नाव लिहिलेला एक बिल्ला.

आम्हांला शिकवणारे जुने मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी आम्हांला एका दाबयंत्रासमोर उभे केले आणि मोटर बंद करून विचारले, "बंद झालं का रे?" आम्ही हो म्हणालो. मामा काही न बोलता यंत्राच्या माथ्यावरच्या मोठ्या चाकाकडे बोट दाखवून उभे राहिले. ते चाक फिरतच होते, आणि बराच वेळ फिरत राहिले.

दाबयंत्राला पत्रा दाबताना क्षणभरच प्रचंड ऊर्जा लागते. तेवढ्यासाठी मोठी मोटर बसवण्याऐवजी जड गतिचक्र बसवतात. मोटर ते सावकाश फिरवत ठेवते, आणि त्यात साठलेली गतिज ऊर्जा दाबाच्या क्षणी वापरली जाते. वीज तोडली तरी ती साठवण चाकात उरतेच. दुसरी साठवण वर उचललेल्या भागात असते. दाबयंत्राचा सरकता भाग साच्यासह ५ टनांचा आहे आणि अर्धा मीटर वर थांबलेला आहे, असे धरा. त्याची स्थितिज ऊर्जा ५००० × ९.८ × ०.५, म्हणजे २४,५०० ज्यूल. तेवढी ऊर्जा म्हणजे सिमेंटची ५० किलोची गोणी पंधरासोळा मजल्यांवरून खाली पडणे. ही ऊर्जा खाली हात घालून काम करणाऱ्याच्या डोक्यावर लटकत असते, आणि बटण बंद असते! याशिवाय नळ्यांत कोंडलेली हवा, दाबाखालचे तेल, ताणलेल्या स्प्रिंगा, विजेच्या पेटीतले भारित धारित्र. यातले काहीही वीज तोडल्याने आपोआप नाहीसे होत नाही.

म्हणून क्रम ठरलेला. यंत्र थांबवायचे. मुख्य वीज तोडायची आणि तोडलेल्या खटक्याला आपले कुलूप लावायचे. हवा आणि तेल सोडून द्यायचे. गतिचक्र पूर्ण थांबू द्यायचे. वरच्या भागाखाली आधाराचा ठोकळा उभा करायचा. आणि सर्वांत शेवटी, यंत्र सुरू करण्याचे बटण मुद्दाम दाबून पाहायचे. ते सुरू झाले नाही तरच हात आत. ही शेवटची पायरी नवख्याला विचित्र वाटते, परंतु आपण दुसऱ्याच यंत्राचा खटका पाडला नाही ना, याची खात्री करण्याचा तो एकमेव उपाय आहे.

एका यंत्रावर चार जण काम करत असतील तर खटक्याला अनेक भोकांचा एक अडकवा लावतात आणि चौघेही आपापले कुलूप त्यात घालतात. तीन निघाली तरी चौथे असेपर्यंत वीज येत नाही. किल्ली ज्याची त्याच्या खिशात; दुसऱ्याकडे द्यायची नाही, मग तो साहेब का असेना. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही चालत्या यंत्राजवळच्या कामासंबंधी कडक कलम होते. खास प्रशिक्षण घेतलेला, नोंदवहीत नाव असलेला आणि अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेला माणूसच तेथे जाऊ शकत असे. सैल बाही फिरत्या दंडात कशी ओढली जाते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांनीच ते कपड्यांचे कलम घातले असावे.

या कुलपाची खरी किंमत मला एका रात्रपाळीत कळली. जोडणी विभागात सांगाडे वाहून नेणारी, डोक्यावरून जाणारी साखळी दुरुस्तीसाठी थांबवली होती. काम संपले, दोन कुलपे निघाली, तिसरे तसेच. बिल्ल्यावर आमच्याच तुकडीतल्या एका मुलाचे नाव होते. त्याला हाका मारल्या, उत्तर नाही. उत्पादनाचे साहेब घड्याळ पाहत होते. "पोरगं कुलूप विसरून चहाला गेलं असणार. कापा ते!" कोणीतरी कापायची कातरही आणली. मामांनी एक स्टूल ओढले आणि विजेच्या पेटीला पाठ लावून त्यावर बसले. "किल्लीवाला येऊ दे," एवढेच म्हणाले. मग शोधाशोध झाली. मुलगा सापडला तो साखळी ताणून धरणाऱ्या चाकाच्या खड्ड्यात. आवाजापासून रक्षण करणारी कानटोपणे लावून, आडवा पडून, चाकाला ग्रीस भरत होता. त्याला वरचे काहीच ऐकू आले नव्हते. ज्या दात्यांवरून साखळी जाते त्यांच्यामध्ये त्याचा उजवा हात कोपरापर्यंत होता.

त्या रात्रीच्या वहीत 'साखळी सुरू करण्यास विलंब, १२ मिनिटे' अशी नोंद झाली, आणि ती मामांच्या नावावर झाली. ती वही मी पुढे पुष्कळ उमेदवारांना दाखवली.

लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर

आता या कामातला माझा सगळ्यांत आवडता भाग. रोज सकाळी पाळी सुरू झाली की मामा हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन निघत. चालत्या मोटरीच्या बेअरिंगवर त्याचे टोक टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. चारपाच सेकंद. मग पुढची मोटर. शंभरेक मोटरी अशा ऐकून झाल्या की खडूने एकदोन मोटरींवर फुली. त्या मोटरी व्यवस्थित चाललेल्या असत. आम्हां पोरांना काही ऐकू येत नसे. पण फुली पडलेली मोटर सुट्टीच्या दिवशी उघडली की बेअरिंगच्या कड्यावर तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला दिसे.

यात जादू नाही. पोलादातून निघालेली ध्वनिलहर हवेत शिरताना तिचा बहुतेक भाग सीमेवरूनच परत फिरतो, कारण दोन्ही माध्यमांच्या घनतेत फार तफावत आहे. जी थोडी लहर बाहेर येते ती कारखान्याच्या गोंगाटात बुडते. पण पोलादाला पोलाद, त्याला लाकूड आणि लाकडाला हाड, अशी घन पदार्थांची साखळी जोडली की लहर हवेला टाळून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचते. वैद्याची नळी आणि मामांचा स्क्रूड्रायव्हर ही एकाच घराण्यातली हत्यारे.

ऐकायचे काय, हेही गणिताने सांगता येते. बेअरिंगमध्ये एक बाहेरचे कडे, एक आतले कडे आणि मधे गोळ्या असतात. बाहेरच्या कड्याला टवका गेला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना टक् असा ठोका देते. गोळ्यांची संख्या आणि दंडाचे दर सेकंदाचे फेरे यांचा गुणाकार करून त्याला ०.४ ने गुणले की दर सेकंदाला किती ठोके पडतील याचा अंदाज मिळतो. आपल्याकडची एक नेहमीची मोटर मिनिटाला सुमारे १४५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४ हून थोडे अधिक. बेअरिंगमध्ये ९ गोळ्या असतील तर ठोके सेकंदाला सुमारे ८७. आतल्या कड्याला टवका असेल तर ०.४ ऐवजी ०.६ घ्यायचे, ठोके १३० च्या आसपास जातात. कोणते कडे बिघडले, हे बेअरिंग न उघडता सांगता येते ते असे. आज हेच काम कंपनमापक करतो. मोटरीच्या अंगावर चिकटवलेला तो लहानसा तुकडा सगळी कंपने टिपतो, आणि संगणक त्यांतल्या वारंवारता वेगळ्या करून ८७ पाशी उंचवटा आहे का ते पाहतो. मामांना ०.४ चा नियम माहीत नव्हता. त्यांना ते 'खडखड' आणि 'कुरकुर' या दोन शब्दांत कळे.

तुम्ही म्हणाल, एवढे ऐकत बसण्यापेक्षा बेअरिंग ठरावीक वर्षांनी बदलून का टाकत नाहीत? हा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळ अभियंत्यांनाही उशिरा सापडले.

बेअरिंगच्या आयुष्याचे सूत्र गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पामग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ साली मांडले. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या हिश्शावर येते. भाराच्या घनाने ते घटते. पंखा फिरवणारा पट्टा घसरतो म्हणून एखादा फिटर तो जरा जास्तच ताणतो आणि बेअरिंगवरचा भार सव्वापट होतो, असे समजा. १.२५ चा घन १.९५. म्हणजे त्या एका आवळण्याने बेअरिंगचे आयुष्य जवळजवळ निम्मे झाले! पट्टा अंगठ्याने दाबून तो किती लवतो हे पाहिल्याशिवाय मामा आम्हांला बोल्ट आवळू देत नसत, त्याचे कारण हे.

पण या सूत्रातून निघणारे आयुष्य म्हणजे तरी काय? एकसारखी १०० बेअरिंगे एकसारख्या भाराखाली चालवली तर त्यांतली १० जितक्या फेऱ्यांच्या आत निकामी होतात, तो आकडा. उरलेली ९० त्याच्या पुढे चालतात. काही तर कितीतरी पट पुढे. आपल्या मोटरीतले बेअरिंग त्या १० मधले की ९० मधले, हे सूत्र सांगू शकत नाही.

विमानवाल्यांना हाच पेच पडला होता. पूर्वी विमानाचे भाग ठरावीक तासांनंतर उघडत आणि बदलत. युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅनली नौलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात अनेक भागांच्या बिघाडांचा हिशेब मांडला. तेव्हा दिसले की १०० पैकी ८९ प्रकारच्या भागांत वय वाढले म्हणून बिघाड वाढतो असे आढळत नाही. उलट ६८ प्रकारांत बिघाडाची शक्यता सर्वांत जास्त असते ती भाग नवा बसवल्यानंतर लगेच. चांगला चाललेला भाग उगीच बदलणे म्हणजे कित्येकदा धोका कमी न करता नव्याने अंगावर घेणे. म्हणजे वय पाहून भागत नाही, प्रकृती पाहावी लागते. मामांची सकाळची फेरी ही त्या अहवालाची रोजची अंमलबजावणी होती, अहवालाचे नाव कानावर न पडता.

पाच वेळा 'का?'

ऐकून जे कळत नाही ते विचारून काढावे लागते. त्याचे एक उदाहरण सांगतो. गाडीच्या सांगाड्याचे पत्रे बहुतेक ठिकाणी ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले असतात. एका गाडीत असे काही हजार ठिपके असतात. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये चिमटीत धरायचे आणि त्यांतून क्षणभर प्रचंड विद्युत्प्रवाह सोडायचा. शाळेत शिकलेले ज्यूलचे सूत्र येथे लावून पाहा. प्रवाह ९००० अँपिअर, रोध ०.०००१ ओहम, वेळ ०.२ सेकंद. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ, म्हणजे १६२० ज्यूल. एवढ्या उष्णतेने १०० ग्रॅम पाणी जेमतेम चार अंशांनी तापेल. पण तीच उष्णता मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडली की पोलाद वितळते आणि दोन पत्र्यांचा एक होतो.

'एवढ्याशा जागेत' या शब्दांवर सगळे अवलंबून आहे. वापराने तांब्याचे टोक पसरट होते. त्याचा व्यास ६ मिलिमीटरचा ८ झाला तर क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून अधिक वाढते आणि तोच प्रवाह पसरून जातो. ठिपका वरून तसाच दिसतो, पण पत्रे आतून जुळलेले नसतात. गाडी रस्त्यावर आपटली की असे ठिपके शर्टाच्या बटणांसारखे निघतात. म्हणून टोके वेळोवेळी तासून नीट करतात, आणि छिन्नी घालून नमुन्याचे ठिपके उकलून पाहतात.

आमच्याकडे एका जागची टोके फारच लवकर पसरू लागली. बदलायची, पुन्हा पसरायची. बदलणारा कंटाळला, तांबे वाईट आले असे सर्वांचे मत पडले. मामांनी कागद घेतला. टोके का पसरतात? फार तापतात म्हणून. का तापतात? त्यांच्या पोकळीतून थंड पाणी खेळते, ते कमी येते म्हणून. का कमी येते? गाळणी क्षारांनी तुंबली आहे. का तुंबली? साफ झाली नाही. का नाही? नवी नळी टाकताना गाळणी भिंतीमागे गेली होती, आणि ती साफ करण्याचे काम कोणाच्याच तक्त्यावर नव्हते. पाचव्या प्रश्नाला तांबे, पाणी, क्षार सगळे मागे पडले आणि हाती आला एक कागदाचा तक्ता. त्यात एक ओळ वाढवली, गाळणी पुढे आणली, आणि टोके पूर्वीइतकी टिकू लागली.

'का' हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची ही रीत जपानच्या टोयोटा कारखान्यातली. तेथील तायिची ओनो यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात दिलेले उदाहरण याच जातीचे आहे. यंत्र थांबले, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला तेल कमी. तेल कमी, कारण पंप नीट ओढत नाही. पंप ओढत नाही, कारण त्याचा दंड झिजलेला. आणि दंड झिजला, कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. पहिल्याच उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलतो आणि महिन्याभरात पुन्हा येतो.

झाडू आणि फडके

उमेदवारीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही कारखाने उमेदवाराला स्वस्तातला हरकाम्या समजतात. माझ्या माहितीतल्या एका मुलाचे निम्मे वर्ष आवार झाडण्यात आणि खोकी वाहण्यात गेले. परीक्षेला बसला तेव्हा त्याने एकही गिअरपेटी उघडलेली नव्हती. कायद्यातला 'प्रशिक्षणार्थी' हा शब्द तेथे कागदावरच राहिला. उमेदवारीला जाणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात आपला प्रशिक्षणाचा तक्ता मागून घ्यावा, आणि केलेल्या कामाची वही रोज भरावी.

यंत्र पुसणे मात्र या झाडलोटीत मोडत नाही. ते काम फडके घेऊन ज्याने स्वतः केले त्याला सैल बोल्ट हाताला लागतो, तेलाचा ताजा ओघळ दिसतो, केसाएवढी चीर दिसते. निप्पॉनडेन्सो या मोटारीचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीने १९७१ च्या सुमारास देखभालीची जी सर्वसमावेशक पद्धत रूढ केली, आणि सेइइची नाकाजिमा यांनी जिचा पुढे प्रसार केला, तिचा पायाच हा आहे: यंत्र चालवणाऱ्यानेच ते पुसावे आणि पुसता पुसता तपासावे.

आज देखभाल विभागात मुलीही उमेदवार म्हणून येतात. यांत्रिक हातांचे सांधे, संगणकाने चालणारे नियंत्रक आणि उष्णता टिपणारा कॅमेरा हे सर्व त्यांना शिकावे लागते. त्या कॅमेऱ्यात विजेच्या पेटीतला सैल जोड पांढरा झगझगीत दिसतो, कारण सैल जोडाचा रोध जास्त, आणि रोध जास्त तेथे उष्णता जास्त. पुन्हा ज्यूलच! पण कॅमेऱ्याने जोड दाखवला तरी पुढे खटका पाडायचा, कुलूप लावायचे आणि पाना घेऊन बोल्ट आवळायचा, हा क्रम तोच आहे.

घरी करून पाहा

यंत्र ऐकण्याचा सराव तुम्हांला सायकलवर करता येईल. विजेच्या कोणत्याही यंत्रावर हा प्रयोग करू नका. मित्राला सायकलचे पुढचे टोक उचलून घट्ट धरायला सांगा. पुढचेच चाक घ्या, कारण मागच्या चाकात फ्रीव्हीलची टकटक मधे येते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक आसाच्या नटावर टेकवा. तो नट फिरत नाही. मूठ कानामागच्या हाडाला लावा. कानाच्या आत काहीही घालायचे नाही. मित्राने टायरला हात मारून चाक फिरवावे. आऱ्यांपासून दोघांचीही बोटे लांब.

ग्रीस भरलेल्या चाकातून बारीक, सलग सूं असा आवाज येईल. ग्रीस वाळले असेल तर वाळूवरून चालल्यासारखी करकर. एखादा छर्रा फुटला असेल तर ठरावीक अंतराने ठोका, आणि चाक मंदावेल तसे ठोक्यांमधले अंतर वाढेल. कोन जास्त आवळला असेल तर चाक लवकर थांबेल. गल्लीतल्या चारपाच सायकली, नव्या आणि जुन्या, अशा ऐका आणि वहीत लिहून ठेवा. मग डोळ्यांवर रुमाल बांधा, मित्राला सायकलींचा क्रम बदलायला सांगा, आणि कोणते चाक कोणाचे ते नुसत्या आवाजावरून सांगता येते का पाहा. ज्या सायकलीत ठोका ऐकू आला, ती सायकलवाल्याकडे उघडली जाईल तेव्हा तेथे हजर राहा आणि छर्रे तळहातावर घेऊन उजेडात फिरवून बघा.